आचरेकर सर

गुरूची परीक्षा त्याच्या शिष्यावरून करावी, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रांत दोन नाट्याचार्यांचा तंटा लागतो, तेव्हां त्यांनीं स्वतः नाचून दाखवावें असें कोणी म्हणत नाहीं; शिष्येला रंगभूमीवर उभी करा, म्हणजे निवाडा होईल, असें ठरतें. ही कसोटी मैदानावरच्या गुरूला लावावयाची झाली, तर आमच्या डोळ्यांपुढें पहिलें नांव येतें तें रमाकांत विठ्ठल आचरेकर यांचें.

त्यांचा जन्म १९३२ सालीं मालवणास झाला. मालवण आज सिंधुदुर्गांत मोडतें. परंतु तो जिल्हा १९८१ मध्यें निराळा निघाला, त्यापूर्वीं तें आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांतलेंच. तेव्हां आम्हीं थोडा हक्क सांगितला तर मालवणकरांनीं रागावूं नये.

खेळाडू या नात्यानें त्यांची हकीकत चार ओळींत आटोपते. मुंबईच्या मैदानांवर क्लबांतून खेळले, स्टेट बँकेंत नोकरी केली, आणि १९६३-६४ च्या मोसमांत बँकेच्या संघातर्फें हैदराबादेस मोइनुद्दौला चषकाच्या स्पर्धेंत प्रथम दर्जाचा सामना खेळले. एकच. दुसऱ्या एखाद्याच्या मनांत याची अढी जन्मभर राहिली असती. आचरेकरांनीं कामत मेमोरियल क्लब काढला आणि शिवाजी पार्कावर मुलांना शिकवावयास आरंभ केला.

१९८४ सालीं अजित तेंडुलकर आपल्या अकरा वर्षांच्या धाकट्या भावास घेऊन त्यांच्याकडे गेले. मुलगा बुजला, कांहीं केल्या नीट खेळेना. आपण जरा दूर सरून पाहावें, अशी विनंति अजितनें केली, आणि सर खरोखरच दूर सरले. मग मुलगा मोकळेपणानें खेळला व त्याला प्रवेश मिळाला. आम्हीं अनेक वर्षें वर्गांत काढलीं आहेत. मुलाच्या भीतीचें कारण आपण स्वतःच आहों हें ओळखून बाजूस होणारे शिक्षक आम्हांस फार थोडे भेटले.

मुलाच्या अंगीं गुण आहे असें दिसल्यावर सरांनीं त्याला वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमांत घालावयास सुचविलें. या ठिकाणीं वाचकांनीं क्षणभर थांबावें. वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक व कवि, घर पुस्तकांचें. अशा घरांतून मुलानें खेळासाठीं शाळा बदलावी, ही गोष्ट आपल्यापैकीं कितीजणांस मानवेल? शेवटीं विद्याहि गेली आणि खेळहि गेला, ही भीति खोटी नाहीं. त्याच मैदानावर घाम गाळलेल्या असंख्य मुलांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. परंतु त्या वडिलांपुढें मुलाचा नुसता हट्ट नव्हता, तर रोज डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या गुरूचा शब्द होता. शिवाय पार्काजवळ काका-काकूंचें घर होतें. मुलगा तेथें राहूं लागला. एवढें सर्व जुळत नसेल, तर केवळ या उदाहरणावर विसंबून मुलास मुंबईस धाडूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

सरांची शिकविण्याची तऱ्हा अगदीं साधी. मुलगा थकला कीं यष्टीवर रुपयाचें नाणें ठेवावयाचें. जो त्याला बाद करील त्याचें तें नाणें, कोणीच करूं शकला नाहीं तर मुलाचें. सचिननें अशीं १३ नाणीं मिळविलीं. एका मैदानावरचा सामना संपला कीं सर त्याला स्कूटरवर बसवून दुसऱ्या मैदानावर नेत. एकदां स्वतःचा सामना सोडून मोठ्या मुलांचा खेळ पाहावयास गेल्याबद्दल त्यांनीं त्याच्या थोबाडींतहि मारली. मारण्याचें समर्थन आम्ही करणार नाहीं. मात्र दुसऱ्यांसाठीं टाळ्या पिटण्याऐवजीं लोक तुझ्यासाठीं टाळ्या पिटतील असें खेळ, हें त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें.

फेब्रुवारी १९८८ मध्यें आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यांत शारदाश्रमाच्या दोन मुलांनीं ६६४ धावांची अभंग भागी केली. सचिनच्या ३२६, विनोद कांबळीच्या ३४९. डाव थांबवा, असा सरांचा टेलिफोनवर हुकूम आला आणि विनोदची साडेतीनशेवी धाव राहिली ती राहिलीच. पुढें याच विनोदनें १९९३ सालीं लागोपाठच्या दोन कसोटी सामन्यांत द्विशतकें काढलीं. परंतु १९९५ मध्यें, वयाच्या तेविसाव्या वर्षींच, त्याचा शेवटचा कसोटी सामना झाला. मैदान तेंच, गुरूहि तोच. सचिन मात्र २०१३ पर्यंत खेळत राहिला. या अंतराचा हिशेब गुरूच्या वहींत सांपडणार नाहीं.

आचरेकरांना १९९० सालीं द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० सालीं पद्मश्री मिळाली. शिष्याची तोंडावर स्तुति मात्र त्यांनीं केली नाहीं. सर आपल्याला कधीं शाबास म्हणाले नाहींत, असें सचिननें निवृत्त होतांना वानखेडेवर भरल्या मैदानांत सांगितलें. आमच्या मतें एखादें शाबास खर्चलें असतें तरी कांहीं बिघडलें नसतें! २ जानेवारी २०१९ रोजीं सर वारले.

बलविंदर संधू, लालचंद राजपूत, प्रवीण आमरे, अजित आगरकर अशी त्यांच्या शिष्यांची मालिका लांब आहे. त्यांतील चंद्रकांत पंडित हे पुढें स्वतः गुरु झाले, आणि मुंबई, विदर्भ व मध्य प्रदेश अशा तीन संघांनीं त्यांच्या हाताखालीं रणजी करंडक जिंकला. त्यांपैकीं विदर्भ व मध्य प्रदेश यांनीं तो पूर्वीं कधींच जिंकला नव्हता.