मुतखडा आणि आपला दस्तरखान

घरात कुणाला मुतखडा झाला की आधी टोमॅटो बंद होतो, मग दूध-दही. शेजारपाजारच्या भगिनी ही यादी वाढवत नेतात. आमच्या खालांनी अशीच दोन वर्षे दुधाला हात लावला नाही. खडा पुन्हा झालाच.

असे का झाले असेल? बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. म्हणून कॅल्शियम टाळावे, असे वाटणे साहजिक आहे. पण जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरते आणि शौचावाटे बाहेर नेते. ते कमी पडले, तर ऑक्झलेट जास्त प्रमाणात लघवीत उतरते. इटलीत 120 पुरुष रुग्णांवर पाच वर्षे अभ्यास झाला आणि 2002 मध्ये तो प्रसिद्ध झाला. कॅल्शियम कमी केलेल्या 60 जणांपैकी 23 जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीइतके कॅल्शियम, पण मीठ व मांस कमी घेणाऱ्या 60 जणांत हा आकडा 12 होता.

ऑक्झलेट भरपूर असते ते पालक, अळू, बीट, राजगिरा, बदाम, काजू आणि तीळ यांत. टोमॅटोत ते थोडेच. म्हणजे टोमॅटोचे सालन चालेल. पालक गोश्त मात्र टाळलेले बरे. शीरखुर्म्यात रुग्णासाठी बदाम-काजू घालू नका, दूध राहू द्या. पालेभाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकले, तर ऑक्झलेट बरेच कमी होते. जेवणासोबत वाटीभर दही घ्या. गोश्तात ऑक्झलेट नसल्यासारखेच, तरी रोज भरपूर खाल्ल्यास खड्याचा धोका वाढतो. पापड-लोणच्यातले मीठही लघवीतले कॅल्शियम वाढवते. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या मनाने घेऊ नका.

सर्वांत मोठे औषध पाणी. दिवसभरात अडीच लिटर लघवी होईल इतके प्यावे. लिंबू पिळले तर आणखी चांगले. रमजानमध्ये इफ्तारपासून सहरीपर्यंत हे पाणी थोडे थोडे विभागून घ्या. वरचेवर खडा होणाऱ्यांनी रोजे सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे. मूत्रपिंड किंवा हृदय कमजोर असेल, तर पाणी किती प्यायचे हेही त्यांनाच विचारा.

आणि खडा पडला तर फेकू नका, तपासायला द्या. युरिक ॲसिडच्या खड्याचे पथ्य वेगळे असते. घरातली यादी त्या अहवालावरून ठरवा, शेजारच्या सल्ल्यावरून नको.