कणसाचा पाइप की जुना ब्रायर?

खिसा हलका असेल तर पाइप ओढायला सुरुवात कशाने करावी, हा अमेरिकेतल्या पाइपवाल्यांचा जुना वाद. एका बाजूला मक्याचं कणीस, दुसऱ्या बाजूला वापरलेला ब्रायर, म्हणजे लाकडी पाइप. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे.

मिसूरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावी १८६९ पासून कणसाचे पाइप बनतात. दाणे काढलेलं, वाळून टणक झालेलं कणीस पोखरायचं, बाहेरून प्लास्टर ऑफ पॅरिस लावून गुळगुळीत करायचं, लाकडी दांडी बसवायची, की झाला पाइप. अमेरिकी जनरल मॅकार्थरच्या तोंडात फोटोत दिसतो तो याच जातीचा. साधा नग दहा-पंधरा डॉलरांच्या आसपास मिळतो. मात्र दांडीचं टोक आत डोकावत असल्याने सुरुवातीला जळक्या लाकडाची चव येते, आणि कणीस काही जन्मभर पुरत नाही.

ब्रायर पुरतो. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी धरणाऱ्या गाठीतून तो कोरतात; नीट वागवला तर बापाचा लेकाला जातो. नवा महाग, पण जुन्या बाजारात स्वस्तात सापडतो. रबराचं तोंड हिरवट-पिवळं पडलेलं असतं. पाइपच्या वाडग्यात मीठ भरून त्यावर अल्कोहोल ओतून रात्रभर ठेवलं की आधीच्या मालकाचा वास बराचसा निघतो. परंतु काजळीच्या थराखाली चीर आहे की नाही, हे नवख्याला कुठून कळणार?

खरं तर नवखा फसतो तो पाइपमुळे कमी, घाईमुळे जास्त. ओला तंबाखू गच्च ठासायचा, भराभर झुरके घ्यायचे, मग जीभ पोळली म्हणून पाइपला नावं ठेवायची. तंबाखू थोडा सुकू द्यावा, तीन चिमटींत भरावा, खालची सैल, वरची जरा घट्ट. दाबायला चपट्या डोक्याचा मोठा खिळाही चालतो. विझला तर पुन्हा पेटवावा. त्यात कमीपणा नाही.

मुळात सुरुवातच नको, असं म्हणणारी तिसरी बाजूही आहे, आणि तिचं पारडं हलकं नाही. पाइपचा धूर सहसा छातीत ओढत नाहीत, हे खरं. पण निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनही रक्तात उतरतं, आणि ओठ, जीभ, घशाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही. वस्तू स्वस्त झाली की उंबरठाही खाली येतो, ही त्यांची तक्रार रास्त आहे. दुसरीकडे, जाणत्या माणसाने विचारपूर्वक ठरवलं असेल तर नुसत्या उपदेशाने तो थांबेल, असंही नाही.

अशा माणसासाठी आमचा कल कणसाकडे आहे, आणि कारण चवीचं नाही. ब्रायर हौसेने घासूनपुसून चकचकीत केला की त्यात जीव गुंततो. मग पाइप वाया जाऊ नये म्हणून तंबाखू येत राहतो. कणीस महिनाभरात नकोसं झालं, तर सरळ कचऱ्यात टाकता येतं.