केंद्राला एक शिक्षक, मुलाच्या वाट्याला किती?

दिव्यांग मुलांना शाळेत शिकवण्यासाठी विशेष शिक्षकांची किती पदे मंजूर केली ते अधिसूचित करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२५ रोजी सर्व राज्यांना दिला आणि त्यासाठी २८ मार्चची मुदत घातली. हा आदेश देण्याची वेळ यावी, हेच मुळात बोलके आहे. रजनीश कुमार पांडे खटल्याचा निकाल २८ ऑक्टोबर २०२१चा. प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण त्यातूनच पुढे आले आणि केंद्राने २०२२मध्ये ते अधिसूचितही केले. त्यानंतरची तीन वर्षे कागदपत्रांच्या देवाणघेवाणीत गेली.

महाराष्ट्राला या बाबतीत थोडे श्रेय द्यावे लागेल. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा आणि समग्र शिक्षा अभियानात वर्षानुवर्षे कंत्राटी पद्धतीने राबणाऱ्या सुमारे तीन हजार विशेष शिक्षकांना त्यांत सामावून घेण्याचा निर्णय केला. निवडणुकीचा मुहूर्त बाजूला ठेवला, तरी या शिक्षकांना न्याय मिळाला हे खरेच. नोकरी पुढच्या वर्षी राहील की नाही याची खात्री नसलेला शिक्षक एखाद्या मुलाला पहिलीपासून दहावीपर्यंत साथ देईल, अशी अपेक्षा धरणे चुकीचेच होते.

प्रश्न आहे तो ४,८६० या आकड्याचा. तो आला कुठून? राज्यातील शाळांच्या केंद्रांची संख्या ४,८६०. म्हणून केंद्राला एक याप्रमाणे पदे ४,८६०. म्हणजे न्यायालयाने मुले मोजायला सांगितली आणि शासनाने केंद्रे मोजली. राज्यात शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मिळून सुमारे ६५ हजार शाळा आहेत. एका केंद्राच्या वाट्याला सरासरी तेरा शाळा येतात. विशेष शिक्षकाने रोज एक शाळा गाठायची ठरवली, तर एकाच शाळेत तो पुन्हा पोहोचेल तो दोन आठवड्यांनी. आणि तेही पाऊस, प्रशिक्षणे, बैठका आणि माहितीचे तक्ते यांनी वाट अडवली नाही तर. कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा शिकवायची, अंध मुलाच्या बोटांना ब्रेलची सवय लावायची, स्वमग्न मुलाला वर्गाच्या गोंगाटात स्थिर करायचे. यातले कोणते काम पंधरा दिवसांतून एकदा केल्याने होते?

हिशेब दुसऱ्या बाजूनेही करून पाहावा. दहाला एक या प्रमाणात ४,८६० शिक्षक ४८,६०० मुलांना पुरतात. पंधराला एक धरले तर सुमारे ७३ हजार. २०११च्या जनगणनेत राज्यातील दिव्यांग व्यक्तींची संख्या २९ लाख ६३ हजार होती. त्यांतली दहातली एक व्यक्ती जरी शालेय वयाची मानली, तरी आकडा तीन लाखांच्या घरात जातो. त्यातील सर्वांना रोज विशेष शिक्षक लागतोच असे नाही, हे मान्य. पण त्या जनगणनेत प्रकार आठच मोजले होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ने ते एकवीस केले आणि स्वमग्नता व अध्ययन अक्षमता यांना स्वतंत्र स्थान दिले. हक्काचे क्षेत्र वाढले. मनुष्यबळाचा हिशेब मात्र केंद्रांच्या यादीवरून झाला.

पैशांची गोष्टही फार वेगळी नाही. समग्र शिक्षा २०१८मध्ये सुरू झाली तेव्हा दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद होती. २०२१च्या सुधारित आराखड्यातही ती तेवढीच राहिली. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकसाठी किमान दोनशे कामाचे दिवस घातले आहेत; त्या हिशेबाने दिवसाला साडेसतरा रुपये पडतात. त्यातूनच साहित्य, ब्रेल पुस्तके, प्रवास आणि मदतनीस भत्ता. मुलींना दरमहा दोनशे रुपयांचा, वर्षाकाठी दहा महिन्यांचा प्रोत्साहन भत्ता वेगळा. चाकाच्या खुर्चीतील मुलाला रिक्षाने शाळेत नेणाऱ्या आईला हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यात खात्यांची विभागणी. नियमित शाळेतले दिव्यांग मूल शालेय शिक्षण विभागाचे. विशेष शाळेतले मूल पूर्वी सामाजिक न्यायाचे आणि डिसेंबर २०२२पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाचे. प्रमाणपत्र देणार सरकारी रुग्णालय. स्वतंत्र विभाग स्थापन केला म्हणून आपण पाठ थोपटून घेतली, ते योग्यच. मात्र २०१६च्या कायद्याने सहा ते अठरा वयाच्या मुलाला शेजारची शाळा की विशेष शाळा, याची निवड दिली आहे. ही निवड खरी व्हायची तर एका शाळेतून दुसरीत जाताना मुलाबरोबर त्याचा शिक्षक, साहित्य आणि निधीही सरकला पाहिजे. आज दोहोंची दप्तरे आणि अनुदानाची शीर्षे वेगवेगळी आहेत. (नावे मात्र आपण तत्परतेने बदलतो. अपंग गेले, विकलांग गेले, दिव्यांग आले.)

मुंबई-पुण्याच्या पालकांना यातले बरेचसे ग्रामीण प्रश्न वाटतील. वास्तविक अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती देणारे महाराष्ट्र हे सुरुवातीच्या राज्यांपैकी एक. १९९६पासून जादा वेळ, लेखनिक, विषयांत सूट अशी सोय होत गेली. पण शहरात हा विषय बहुधा नववीत आठवतो. दहावीची परीक्षा दिसू लागली की प्रमाणपत्रासाठी महापालिकेच्या रुग्णालयांत धावपळ सुरू होते. वाचन अडते ते सात-आठ वर्षांच्या वयात, आणि तेव्हा शाळेत ते ओळखणारे कोणी नसते. खासगी विनाअनुदानित शाळांत तर बाईंबरोबर वर्गात बसणाऱ्या साहाय्यिकेचे वेतन अनेकदा पालकच देतात. शिक्षण हक्काच्या २५ टक्के प्रवेशांत दिव्यांग मुलाला उत्पन्नाची अट नाही. पण प्रवेश मिळाल्यावर त्याला शिकवणार कोण, याचे उत्तर त्या तरतुदीत नाही.

तेव्हा शासनाने पुढची पदे मंजूर करताना यूडायसमधील मुलांची संख्या घ्यावी, केंद्रांची नव्हे. जिथे एकाच शाळेत वीस मुले आहेत तिथे शिक्षक त्या शाळेतच बसावा; जिथे मुले विखुरलेली आहेत तिथे केंद्राची पद्धत चालू द्यावी. आणि ३,५०० रुपयांचा आकडा निदान महागाईशी जोडावा.

निकाल आला त्या वर्षी पहिलीत असलेले मूल २०२५च्या जूनमध्ये पाचवीत गेले. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथीपर्यंतच आहेत.