लिलावात नेमके काय विकले गेले?

‘जागा सरकारी लिलावात घेतली आहे. सरकारने मोकळी विकली, मी मोकळी घेतली. आत कोण किती वर्षे बसलाय, त्याच्याशी मला काय करायचंय?’ भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात असो की दुर्गच्या कोर्टाच्या आवारात, हे इतक्या ठसक्यात बोलले जाते की ऐकणाऱ्याला तोच कायदा वाटू लागतो. भिलाई तशी नवी, पोलाद कारखान्याच्या 1955च्या सोव्हिएत करारानंतर वसलेली. फाळणीत देश सोडून गेलेल्यांच्या, म्हणजे निष्क्रांत मालमत्तेचे खटले हे जुन्या शहरांचे दुखणे. पण ‘मोकळ्या जागे’चा दावा त्या खटल्यांत पुरेपूर लढला गेला, म्हणून तो तिथेच तपासावा.

1950च्या कायद्याने ही मालमत्ता कस्टोडियन या सरकारी अधिकाऱ्याच्या ताब्यात गेली आणि 1954च्या कायद्याने ती विस्थापितांच्या भरपाईसाठी विकायला निघाली. त्याच 1954च्या कायद्याचे कलम 29 खरेदीदार सोयीस्कर विसरतात. अधिसूचित वर्गातला, कायदेशीर ताबा असलेला माणूस विक्रीनंतर आपोआप नव्या मालकाचा भाडेकरू ठरतो, तोही आधीच्याच अटींवर. ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त दोन वर्षे, त्याला काढायचे तर चारच कारणे: नोटिशीनंतर महिन्याभरात थकबाकी न भरणे, संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे, जागेचा भलताच वापर, किंवा जागेची नासधूस.

‘दोन वर्षे केव्हाच संपली!’ हा आक्षेप जरा दमदार आहे. पण भाडेकरूचे इतर हक्क अबाधित राहतील, असे तेच कलम म्हणते. मुदत संपली की खास कवच जाते, भाडेकरूपण जात नाही. पुढे राज्याचा भाडेकायदा लागू होत असेल तर तो आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 109, म्हणजे नवा मालक जुन्याच्या जागी येतो, जुन्याच्या डोक्यावर नव्हे. 1954चा कायदा 2005मध्ये रद्द झाला, म्हणून पूर्वीचे हक्क पुसले गेले, असेही नाही.

आता भाडेकरूंना चार शब्द, कारण त्यांच्या बाजूनेही कमी बाता मारल्या जात नाहीत. ‘आजोबांपासून राहतोय, जागा आमचीच.’ अजिबात नाही. विरोधी कब्ज्याने खासगी मालकाविरुद्ध हक्क मिळायला बारा वर्षे लागतात हे खरे, पण तो कब्जा मालकाला झुगारून असावा लागतो. जुन्या भाडेपावत्यांचा गठ्ठा सोडून पाहा: आधी कस्टोडियनच्या कचेरीचा शिक्का, नंतर खरेदीदाराची सही. याच पावत्या भाडेकरूला वाचवतात आणि याच त्याला मालक होऊ देत नाहीत. ‘विक्री प्रमाणपत्र उशिरा निघाले, तोवर भाडे कशाला द्यायचे?’ हेही चालत नाही. 1958च्या बॉम्बे सॉल्ट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सर्वांत मोठी बोली लागली म्हणून मालकी जात नाही. पण 1965च्या बिशन पॉल खटल्यात मालकी विक्री कायम झाल्यापासून धरली गेली, प्रमाणपत्र हा तिचा पुरावा. प्रमाणपत्राच्या उशिराच्या भरवशावर भाडे थकवणारा स्वतःच्या हाताने मालकाला कारण देतो.

हे झाले निष्क्रांत मालमत्तेचे. भिलाईत तर पत्ता बदलला की कायदा बदलतो. सेक्टरमधल्या पोलाद कारखान्याच्या क्वार्टरला 1971चा सार्वजनिक जागांचा कायदा, इस्टेट ऑफिसरची नोटीस. आणि भाडेकायद्यापेक्षा तो वरचढ, हे 1990च्या अशोका मार्केटिंग निकालाने ठरलेले. सुपेल्यातल्या खासगी दुकानाला छत्तीसगडचा 2011चा भाडेनियंत्रण कायदा. त्यात मालक सहा महिन्यांची लेखी नोटीस देऊन कारण न सांगता जागा मागू शकतो. अट एवढीच की पुढचे वर्षभर ती चढ्या भाड्याने द्यायची नाही. फाळणीनंतरच्या 1954च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत तरी कारण मागितले होते! याच 2011च्या कायद्यातली थेट सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याची तरतूद 2019च्या निकालाने रद्द झाली. बिनकारण नोटिशीची वाट मात्र त्या निकालाने बंद झाली नाही.

मग व्हावे काय? लिलावाच्या जाहिरातीतच भाडेकरू, त्याचे भाडे आणि तो कधीपासून आहे, हे छापावे. पाकिस्तान-चीनचे नागरिक झालेल्यांच्या, म्हणजे शत्रू मालमत्तेच्या 2018च्या आदेशात नंतर बदल झाला आणि कमी किमतीची मालमत्ता आधी ताबेदाराला देऊ करण्याची सोय झाली. ती पद्धत इतर सरकारी विक्रीतही यावी. आत माणूस आहे म्हणून बोली कमी लागते, हे बोली लावणाऱ्याला पक्के ठाऊक असते. स्वस्तात घेऊन नंतर रिकाम्या जागेचा भाव वसूल करायचा, हाच तर सारा डाव. यावर उत्तर येते, सरकारच्या तिजोरीत पैसे कमी पडतील. पडू देत. कस्टोडियनने ज्याच्याकडून महिन्याच्या महिन्याला भाडे घेतले, त्याची जागा रिकामी म्हणून विकण्याचा अधिकार सरकारकडे कधी नव्हताच.