शेवटचे चाळीस फूट

गोंदियाजवळच्या बिरसीत विमानाचा आवाज आला म्हणून आता कुणी मान वर करत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या या धावपट्टीवर वैमानिक प्रशिक्षण सुरू झालं आणि धानाच्या बांध्यांवरची घरघर रोजचीच झाली. लोक चमकतात ते चालू आवाज मध्येच बसला तर.

प्रशिक्षक तो मुद्दामही बसवतो. विमानात थ्रॉटल मागे ओढायचा आणि शिकाऊला विचारायचं, आता कुठे उतरशील? विमानाला निदान पंख असतात, तरंगत जाता येतं. हेलिकॉप्टरचं काम जास्त नाजूक. इंजिन गेलं की डाव्या हाताचा कलेक्टिव्ह दांडा तत्काळ खाली दाबायचा. रॉबिन्सन आर-२२ सारख्या हलक्या पात्याच्या यंत्रात त्यासाठी दोन सेकंदही मिळत नाहीत. मग खालून येणारा वारा पातं फिरवत ठेवतो, जत्रेतल्या भिंगरीसारखं. याला म्हणतात ऑटोरोटेशन. जमीन चाळीसेक फुटांवर आली की नाक उचलून वेग कमी करायचा, पुन्हा सरळ व्हायचं आणि पात्यात उरलेला जोर दांडा वर ओढत एकदाच खर्च करायचा. लवकर ओढला तर हेलिकॉप्टर अधांतरी राहून आपटतं, उशीर झाला तर तसंच आदळतं. दुसरी संधी नाही.

म्हणूनच खोटं संकट शेवटच्या क्षणी खरं होतं. अमेरिकेत तर १९९५ साली आर-२२ आणि आर-४४ साठी वेगळ्या प्रशिक्षणाचा नियमच करावा लागला. बऱ्याच ठिकाणी आता जमिनीलगत इंजिनाची ताकद परत घेऊन सराव तिथेच थांबवतात. काही जुने प्रशिक्षक नाकं मुरडतात: जमिनीला टेकल्याशिवाय शिकणं कसलं? त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण टेकायचंच असेल तर लांबरुंद धावपट्टीवर, वारा बघून आणि मुरलेल्या हातासोबत. शिकाऊचा पहिला धडा म्हणून नव्हे.

सरावानं घेतलेले बळी महाराष्ट्राला नवे नाहीत. ४ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री मुंबई हाय तेलक्षेत्राजवळ, समुद्रातल्या रिगवर रात्री उतरण्याच्या सरावात पवनहंसचं हेलिकॉप्टर कोसळलं. दोन्ही वैमानिक गेले.

बिरसीहून उडालेली काही विमानंही परतलेली नाहीत. १८ मार्च २०२३ रोजी एक प्रशिक्षण विमान शेजारच्या मध्य प्रदेशात, बालाघाटच्या डोंगरात पडलं. प्रशिक्षक आणि शिकाऊ तरुणी, दोघंही दगावले. त्याआधी २६ एप्रिल २०१७ ला दुसरं एक वैनगंगेत कोसळलं. तेही नदीवर आडव्या ताणलेल्या तारेला लागून. त्यातही दोघं होते, प्रशिक्षक आणि शिकाऊ.

काठावर उभ्या माणसाला अशी तार सहज दिसते. वरून येणाऱ्याला मागे पाणी आणि झाडी असते, त्यात ती विरघळून जाते. फार तर काठावरचे खांब दिसतात, तेही आधीच ठाऊक असतील तर. जिथे रोज शिकाऊ उडतात तिथे वैनगंगेवरच्या अन् बाघ नदीवरच्या प्रत्येक तारेवर लाल-पांढरे गोळे टांगायला, आणि ती तार प्रशिक्षकाच्या नकाशावर उतरवायला, कितीसा खर्च येणार?