पडदा वारलीचा, दाम कुणाला?

पालघरच्या एका कार्यक्रमात परवा एक गृहस्थ तावातावाने बोलले. वाढदिवसाला केक, शाळेत सांताक्लॉज, सणासुदीला पिझ्झा. पाश्चात्त्यांनी आपली संस्कृती गिळली, तेव्हा परदेशी तेवढे टाका आणि आपले ते वापरा. टाळ्या पडल्या. माझा संताप अजून उतरलेला नाही.

टाकायचेच, तर सुरुवात कुठून करायची? घोलवडच्या ज्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे झाड मूळचे मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे. बोंबलाच्या कालवणातली मिरची पोर्तुगीजांनी आणली. त्यांच्याकडून चिमाजी आप्पांच्या फौजेने १७३९ साली तारापूरचा किल्ला घेतला. मिरची मात्र कुणी परत पाठवली नाही. तारापूरला १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी बनावटीच्या. त्या विजेवर दिवे लावताना कुणाची संस्कृती बुडाली नाही, ती केकच्या मेणबत्तीने बुडते!

पण हे सोडा. मला खरी चीड आहे ती ‘आपले ते वापरा’ या उपदेशाची. वक्त्यांच्या पाठीमागे वारली नक्षीचा पडदा टांगला होता आणि त्याकडे बोट दाखवून ते ‘ही आपली कला’ म्हणाले. तो पडदा यंत्रावर छापलेला. वीतभर अंतराने तोच तारपा वाजवणारा, तोच नाच, तेच झाड. चित्र लिहिणाऱ्या हाताचा त्याच्याशी संबंध नाही. वारल्यांच्या घरी लग्नात कुडाची भिंत शेणा-गेरूने सारवतात, तांदळाचे पीठ पाण्यात कालवतात, बांबूच्या काडीचे टोक ठेचून तिचा कुंचला करतात आणि सवाशिणी चौक लिहितात. चौकात पालघट देवी असते, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. पडद्यावर पालघट नाही, कारण छापणाऱ्याला ती माहीत नाही आणि घेणाऱ्याला तिच्याशी कर्तव्य नाही. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांची चित्रे २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्यांच्या नावानिशी लागली. पद्मश्री त्यांना त्यानंतर, २०११ साली मिळाली. ज्या परदेशाच्या नावाने आपण बोटे मोडतो, त्याने कलावंताला नावाने ओळखले. आणि आपण? रस्त्याकडेला चित्रे मांडून बसलेल्या बाईशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. त्याच संध्याकाळी मॉलमध्ये परदेशी बुटाची छापील किंमत मुकाट्याने देतो. याला संस्कृतिप्रेम म्हणायला मी तयार नाही. हा ढोंगीपणा आहे.

मग करायचे काय? केक खुशाल कापा. जी वस्तू आपली म्हणून मिरवता, तिचा पैसा ती घडवणाऱ्याच्या हातात पडतो की नाही, एवढे पाहा. वारली चित्राला २०१४ साली मानांकन मिळाले, पण मानांकनाच्या कागदाने चूल पेटत नाही, गिऱ्हाइकाच्या पैशाने पेटते. या दिवाळीत घरासाठी वारली चित्र घ्यायचे असेल, तर डहाणू-तलासरीकडे जा, लिहिणाऱ्याकडून घ्या, चित्राखाली त्याचे नाव लिहून मागा, आणि तो सांगेल ती किंमत द्या.