‘र’ म्हणता येईना म्हणून...

घरात धाकटं भावंड असेल तर त्याने तुमच्या नावाचं काय केलंय ते आठवा. प्राजक्ताची ‘पाजत्ता’, श्रीकांतचा ‘छिकांत’! शाळेत कुणाला कळू नये म्हणून आपण केवढे जपतो, नाही? पण अशाच एका बोबड्या बोलाचं पुढे हजारो मुलींचं नाव झालं. ते नाव म्हणजे वेंडी.

ही गोष्ट शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची, इंग्लंडातली. विल्यम हेन्ली नावाचे एक कवी होते. आजारपणात त्यांचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. ‘ट्रेझर आयलंड’मधला लंगडा चाचा सिल्व्हर स्टीव्हन्सनला सुचला तो या मित्रावरूनच. हेन्लींना एकच मुलगी, मार्गारेट. त्यांच्याकडे येणारे लेखक जे. एम. बॅरी तिचे लाडके. ती त्यांना ‘फ्रेंडी’, म्हणजे ‘दोस्तुल्या’ म्हणायला जायची. पण ‘र’ काही येईना. मग ‘फ्वेंडी’, ‘फ्वेंडी-वेंडी’ असं काहीतरी व्हायचं.

मार्गारेट १८९४ मध्ये वारली. जेमतेम पाच वर्षांची होती.

बॅरी तो शब्द विसरले नाहीत. २७ डिसेंबर १९०४ रोजी लंडनमध्ये त्यांचं ‘पीटर पॅन’ हे नाटक रंगमंचावर आलं. पीटरची सुटलेली सावली सुई-दोऱ्याने परत शिवून देणारी, हरवलेल्या मुलांना गोष्टी सांगणारी मुलगी, तिचं नाव त्यांनी ठेवलं वेंडी.

बॅरींनी हे नाव पहिल्यांदाच घडवलं असं सरसकट सांगतात. ते अगदी शंभर टक्के खरं नाही बरं का! त्याआधीच्या नोंदींतही एखाददुसरी वेंडी सापडते. पण बारशाला हे नाव ठेवायची पद्धत पडली ती नाटकानंतरच. १९१२ साली जन्मलेली वेंडी हिलर तर पुढे मोठी अभिनेत्री झाली, ऑस्करही मिळवलं. लोकांना हे नाव परकं वाटलं नसावं. मेरी, ल्यूसी, नॅन्सी यांच्या पंगतीत ते सहज बसतं, आणि ऐकताना कुणी लाडाने हाक मारतंय असंच वाटतं. नाटकात मुलं वेंडीभोवती चिमुकलं घर बांधतात. इंग्लंडात मुलांच्या खेळातल्या घराला आजही ‘वेंडी हाउस’च म्हणतात.

आणखी एक गंमत. अमेरिकेत ‘वेंडीज’ नावाची हॅम्बर्गरची दुकानं आहेत. पहिलं १९६९ मध्ये कोलंबस शहरात निघालं. मालकांनी त्याला आपल्या आठ वर्षांच्या मुलीचं नाव दिलं. तिचं खरं नाव मेलिंडा! भावंडांना ते म्हणता येईना, म्हणून ती घरात झाली होती वेंडी.

तुमच्या घरातही असं नाव असेलच. आम्हाला लिहून कळवा. आणि ते ज्याने पाडलं, तो आता केवढा झालाय तेही लिहा.